संगणकात शिरकाव झाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा कार्यालयांसाठी आणि संस्थांसाठी आहे, जिथे पाच-पन्नास संगणक, एक-दोन सर्व्हर, थोडं काम क्लाउडवर आणि ‘आयटीचं बघणारा’ एखादाच माणूस असतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रश्नांमागे एकच घाई दिसते, ती म्हणजे पटकन साफ करू आणि कामाला लागू. खालची बरीच उत्तरं त्या घाईला आवर घालणारी आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

### नेमकं काय घडलं की त्याला सुरक्षा घटना समजायचं?

इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही सर्व्हरवर दिवसभर कुणी ना कुणी पासवर्ड घालून बघतच असतं. त्या प्रत्येक नोंदीमागे धावायला लागलात तर पंधरवड्यात सगळे कंटाळतील आणि खरी नोंद आली त्या दिवशी कुणी बघणार नाही. माहिती भलत्याच्या हाती गेली, माहितीत फेरफार झाला किंवा यंत्रणा वापरता येईनाशी झाली, यातलं काहीही घडलं किंवा घडल्याची रास्त शंका आली, की ती घटना. एकाच खात्यावर दोनशे वेळा चुकीचा पासवर्ड पडला, तर ती फक्त नोंद. त्यानंतर लगेच त्याच ठिकाणाहून बरोबर पासवर्ड पडला, तर जेवण बाजूला ठेवून उठायचं.

हल्लेखोर असलाच पाहिजे असं नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत. त्यात कुणी घुसलं नव्हतं. तरी ज्यांच्याकडे घटनेचा आराखडा तयार होता, त्यांचा तो त्या दिवशीही उपयोगी पडला.

### घुसखोर आत आहे हे कळतं कसं?

बहुतेक वेळा कळत नाही, कुणाला तरी काहीतरी खटकतं. १९८६ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल यांनी तो किरकोळ म्हणून सोडून दिला नाही आणि माग काढत काढत ते पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसलेल्या एका हॅकरपर्यंत पोहोचले. हा हॅकर अमेरिकेतल्या लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत गुप्तचरांना विकत होता. २०२० मध्ये फायरआय या सुरक्षा कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या नावावर लॉगिनच्या खातरजमेसाठी दुसरा फोन नोंदलेला दिसला. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, हा माझा नाही. तिथून सोलरविंड्सचं प्रकरण उघड झालं (या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसखोर ग्राहकांकडे पोहोचले होते), आणि त्यात अमेरिकी सरकारचे कित्येक विभाग सापडले.

म्हणून लक्ष ठेवायचं ते अशा बारीक विसंगतींवर. कुणी न बनवलेलं ॲडमिन खातं, रजेवर असलेल्या माणसाचं रात्री तीनचं लॉगिन, अँटिव्हायरस आपोआप बंद पडणं, नवं शेड्युल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), बाहेर जाणाऱ्या डेटात अचानक वाढ, ‘तुमच्याकडून विचित्र मेल आली’ असा ग्राहकाचा फोन. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या नोंदवहीत, ११०२ क्रमांकाची नोंद दिसली, तर कुणीतरी लॉग पुसला आहे असा तिचा अर्थ. ते तुमच्यापैकी कुणी केलं नसेल, तर पुढे वाद घालत बसायची गरज नाही.

### शंका आली आहे. पहिल्या अर्ध्या तासात काय करू?

संशयित संगणक नेटवर्कपासून तोडा. केबल काढा, वाय-फाय बंद करा. संगणक मात्र बंद करू नका (कारण पुढच्या उत्तरात आहे). पडद्यावर जे दिसतंय त्याचा मोबाइलने फोटो काढा. एक साधी वही घ्या आणि वेळ, काय दिसलं, कुणी काय केलं हे लिहायला लागा. दोन दिवसांनी कुणालाच नीट आठवत नाही की फायरवॉलचा तो नियम आपण टाकला की आधीपासून होता. वही त्यासाठीच आहे.

आता काय करू नये ते. त्या संगणकावर डोमेन ॲडमिनच्या, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर हुकूम चालणाऱ्या खात्याने लॉगिन करून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. घुसखोर नेमकी त्याचीच वाट बघत असतो. विंडोज लॉगिन केलेल्याची ओळख मेमरीत ठेवतं, आणि ती तिथून काढणारी हत्यारं सहज मिळतात. म्हणजे एका संगणकाची लागण तुम्हीच सगळ्या कार्यालयापर्यंत नेऊन पोहोचवता.

संशयित फाइल सार्वजनिक तपासणीच्या संकेतस्थळावर चढवायचीही घाई नको. तिथे चढवलेल्या फाइली इतरांना दिसू शकतात. त्यात तुमची कागदपत्रं असतील तर ती गेली, आणि तो मालवेअर (घातक प्रोग्रॅम) खास तुमच्यासाठी बनवलेला असेल तर बनवणाऱ्याला कळतं की आपण पकडले गेलो. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा क्रमांक, काढा आणि फक्त हॅश शोधा.

बोलायचं कुठे, हाही प्रश्न आहे. मेलवर शिरकाव झाल्याची शंका असताना त्याच मेलवर ‘आपण त्याला कसं बाहेर काढू’ याची चर्चा करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. फोन करा किंवा कार्यालयाशी संबंध नसलेला एखादा ग्रुप बनवा.

### संगणक लगेच बंद का नाही करायचा?

कारण पुराव्यातला सगळ्यात बोलका भाग मेमरीत असतो आणि वीज गेली की तो जातो. कोणते प्रोग्रॅम चालू होते, ते कुठल्या पत्त्यांशी बोलत होते, कधीकधी तर रॅन्समवेअरची (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरची) किल्लीसुद्धा. डिस्कवर एकही फाइल न ठेवता निव्वळ मेमरीत राहणारे मालवेअरही असतात. २००२ च्या ‘आरएफसी ३२२७’ या मार्गदर्शिकेत पुरावा गोळा करायचा क्रम दिला आहे. जे आधी नाहीसं होणार ते आधी घ्यायचं: मेमरी आणि चालू जोडण्या, मग तात्पुरत्या फाइली, मग डिस्क, शेवटी बॅकअपच्या प्रती. व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला संगणक) असेल तर काम सोपं आहे, मेमरीसकट स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या.

एक अपवाद आहे. डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलत चालली आहेत, म्हणजे एन्क्रिप्शन (फाइली कुलूपबंद करणं) चालू आहे, आणि केबल काढूनही ते थांबत नाही, तर बंद करा. तेव्हा पुराव्यापेक्षा उरलेल्या फाइली महत्त्वाच्या. शक्य असेल तर बंद करण्याऐवजी स्लीप किंवा हायबरनेट करा, म्हणजे मेमरीतलं काहीतरी हाती राहतं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की हाताशी आहे ना ते आधी बघा. ती नसताना बंद केलेला संगणक तुम्हालाही उघडता येणार नाही.

### फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं की विषय संपला ना?

हा आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर नाही असं आहे. फॉरमॅटने त्या एका संगणकावरचा मालवेअर जातो. तो आला कुठून, आणखी कुठे पोहोचला, जाताना काय घेऊन गेला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरंही त्याच डिस्कवर होती, तीही जातात. ज्या वाटेने तो आला ती वाट उघडीच राहते. जुना व्हीपीएन, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं, पॅच (दोष बुजवणारं अपडेट) न टाकलेला वेब सर्व्हर, जे काही असेल ते. मग तीन आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा होतो आणि सगळे म्हणतात, ‘आपण तर साफ केलं होतं.’

नेदरलँड्समधल्या डिजीनोटार कंपनीचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. संकेतस्थळांना ओळखपत्रं, म्हणजे सर्टिफिकेट, देणं हा तिचा धंदा. जुलै २०११ मध्ये तिच्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचं तिच्या लक्षात आलं. घुसखोराने काढलेली सापडतील तेवढी बनावट सर्टिफिकेट तिने रद्द केली आणि विषय मिटला असं समजून बाहेर कुणाला सांगितलं नाही. पण गूगलच्या नावाचं एक सर्टिफिकेट रद्द करायचं राहून गेलं होतं. ते वापरून इराणमधल्या लोकांच्या मेलवर पाळत ठेवली गेली. ऑगस्टच्या अखेरीस बातमी फुटली, ब्राउझर बनवणाऱ्यांनी डिजीनोटारवरचा विश्वास काढून घेतला आणि सप्टेंबरमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. बनावट सर्टिफिकेट एकूण पाचशेहून जास्त होती, पण बुडवलं ते न मोजलेल्या एकाने.

अर्धवट हुसकावण्याचा दुसरा धोका कोड स्पेसेसच्या वाट्याला आला. जून २०१४ मध्ये कुणीतरी या कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण पॅनेलमध्ये शिरून खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलून ताबा परत घ्यायचा प्रयत्न केला. घुसखोराने आधीच स्वतःसाठी आणखी खाती बनवून ठेवली होती. आपल्याला बाहेर काढतायत हे दिसताच त्याने डेटा आणि बॅकअप पुसायला सुरुवात केली. साधारण बारा तासांत कंपनी संपली.

तेव्हा क्रम असा असावा. पसरणं थांबवा. डिस्कची प्रत काढा. कुठून आला, कुठे कुठे गेला, किती खाती हातात आहेत हे शोधा. मग सगळ्या वाटा एकाच वेळी बंद करा, आणि त्यानंतर खुशाल फॉरमॅट करा. तेव्हा फॉरमॅट करणं योग्यच आहे. शिरकाव झालेला संगणक नुसता झाडूनपुसून परत वापरात आणू नये असंच आमचं मत आहे.

### अँटिव्हायरस म्हणतोय ‘धोका काढून टाकला’. मग काळजी कशाला?

त्याने एक फाइल काढली. ती फाइल तिथे आणली कुणी, हे त्याने पाहिलेलं नाही. साधा जाहिरातबाज प्रोग्रॅम असेल तर पुरेसं आहे. पण पासवर्ड चोरणारं हत्यार किंवा दुरून ताबा घेणारा प्रोग्रॅम सापडला असेल, तर ती सुरुवात समजा. आणि तो संदेश सर्व्हरवर आला असेल, तर रात्री झोपायच्या आधी लॉग बघा.

### मेलचा पासवर्ड बदलला, तरी घुसखोर आतच आहे. हे कसं?

कारण त्याला पासवर्डची गरजच उरलेली नाही. एकदा लॉगिन झालं की ब्राउझरला टोकन, म्हणजे पुन्हा पासवर्ड न विचारता आत सोडणारा परवाना, मिळतो आणि ते पासवर्ड बदलल्यावरही काही काळ चालू शकतं. आजकालची बनावट लॉगिन पानं तुमच्या आणि खऱ्या संकेतस्थळाच्या मध्ये बसतात. तुम्ही पासवर्ड टाकता, फोनवर आलेला कोडही टाकता, दोन्ही पुढे पोहोचतात आणि परत येणारं टोकन मधल्यामध्ये चोरलं जातं. म्हणून कोड मागणारं दुसरं कुलूप असूनही लोक फसतात. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली किल्ली) किंवा हार्डवेअर सुरक्षा किल्ली यात फसत नाही, कारण ती खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता तपासल्याशिवाय उत्तरच देत नाही.

पासवर्ड बदलल्यावर सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. मग एकेक करून तपासा: रिकव्हरीसाठी दिलेला फोन आणि मेल तुमचाच आहे ना, दुसऱ्या कुलपासाठी अनोळखी उपकरण नोंदलेलं आहे का, कुठल्या ॲपला मेल वाचायची परवानगी दिली गेली आहे का. शेवटी मेलचे नियम. हे बरेच जण विसरतात. ‘इनव्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेली मेल वाचलेली म्हणून खूण करून आरएसएस फीड्ससारख्या, कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये हलवायची, असा नियम घुसखोर टाकून ठेवतो. मग ग्राहकाशी तुमच्या नावाने तो बोलतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

### आमच्या खऱ्या मेलवरून ग्राहकाला बदललेला बँक खाते क्रमांक गेला आणि त्याने पैसे भरले.

आधी बँक, मग बाकी सगळं. पैसे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेला ताबडतोब फोन करून व्यवहार थांबवायला सांगायचं. इथे तासांनी फरक पडतो, कारण पैसा दुसऱ्या खात्यात आणि तिथून तिसऱ्या खात्यात हलवला जातो. त्याबरोबरच पोलिसांत तक्रार. मेलचं तांत्रिक काम वरच्या उत्तराप्रमाणे. पुढच्यासाठी एकच नियम पुरे: खाते क्रमांक बदलल्याची मेल आली, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

### रॅन्समवेअर आलं. खंडणी द्यावी का?

देऊ नये, असं आमचं मत आहे. पण हे लांबून बोलणं सोपं आहे हेही मान्य. रुग्णालय बंद पडलेलं असताना तिथल्या लोकांपुढचा हिशोब वेगळा असतो. म्हणून मत बाजूला ठेवून पैसे दिल्यावर खरोखर काय मिळतं ते बघू.

मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. मिळालेलं उघडण्याचं हत्यार इतकं संथ होतं की कंपनीला आपल्या बॅकअपवरूनच काम उभं करावं लागलं. (शिरकाव झाला होता तो वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, ज्याला दुसरं कुलूप नव्हतं.) जून २०१७ चं नॉटपेट्या हे मालवेअर तर खंडणीचं नुसतं सोंग होतं. पडद्यावर दिसणारा ओळख क्रमांक निव्वळ यादृच्छिक होता, त्यावरून किल्ली काढणं कुणालाच शक्य नव्हतं. ज्यांनी पैसे भरले त्यांचे वाया गेले.

याउलट मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा तिने पैसे द्यायला नकार दिला. काही कारखाने हाताने चालवले, बॅकअपवरून यंत्रणा उभी केली आणि काय चाललंय ते पत्रकारांना उघडपणे सांगत राहिली. नुकसान प्रचंड झालं, पण विश्वास टिकला.

बॅकअप चांगला असला तरी हल्ली प्रश्न तिथे संपत नाही. २०१९ च्या अखेरीस मेझ नावाच्या टोळीने आधी डेटा चोरायचा, मग कुलूप लावायचं आणि ‘पैसे द्या नाहीतर जाहीर करू’ म्हणायचं अशी पद्धत पाडली. बाकीच्यांनी ती उचलली. पैसे दिल्यावर ते प्रत पुसतात याला पुरावा त्यांचा शब्द एवढाच. शिवाय काही टोळ्यांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यांना पैसे देणं हाच गुन्हा ठरू शकतो. निर्णय घ्यायच्या आधी वकिलाशी बोला.

आणि एक गोष्ट नक्की करा: ‘नो मोअर रॅन्सम’च्या संकेतस्थळावर जाऊन बघा. २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी तो उपक्रम सुरू केला. पकडल्या गेलेल्या किंवा चुका केलेल्या टोळ्यांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आज तुमची किल्ली नसली तरी कुलूपबंद फाइली टाकून देऊ नका, वर्षभराने किल्ली सापडल्याची उदाहरणं आहेत.

### आमच्याकडे रोजचा बॅकअप आहे. निर्धास्त राहू ना?

शेवटचा कधी परत आणून पाहिला होता? या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबमध्ये (प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी) एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचाच डेटा पुसला. कंपनीकडे बॅकअप आणि प्रतींच्या पाच पद्धती होत्या. गरज पडली तेव्हा एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने कित्येक दिवस फसत होता, आणि तो फसल्याच्या सूचनेच्या मेल पलीकडचा सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला कळलंच नाही. एकाने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. गिटलॅबने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून इतक्या तपशिलात सांगता येतं. असंच इतरत्रही घडत असणार, फक्त ते आपल्यापर्यंत येत नाही.

रॅन्समवेअरवाले आधी बॅकअप शोधतात. विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने स्वतःच ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसणं हे त्यांचं ठरलेलं पहिलं पाऊल. नेटवर्कला कायम जोडलेली बॅकअपची डिस्क बाकी फाइलींबरोबरच जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर हा जुना नियम अजून चांगला आहे. त्यात एवढीच भर घाला की एक प्रत अशी असावी जिला तुमचा ॲडमिनसुद्धा पुसू शकणार नाही: काढून ठेवलेली डिस्क किंवा ठरावीक मुदतीपर्यंत न बदलता येणारी क्लाउडवरची प्रत. कोड स्पेसेसकडे बॅकअप होता, पण तो त्याच पॅनेलमधून पुसता येत होता.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे खात्यांची यादी सांभाळणारा सर्व्हर, डोमेन कंट्रोलर. नॉटपेट्यात जहाजवाहतुकीतल्या मर्स्क कंपनीचे जगभरचे सगळे डोमेन कंट्रोलर पुसले गेले. ते एकमेकांच्या प्रती होते, म्हणून वेगळा बॅकअप कुणी घेतला नव्हता. घानामधला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्याच्यावरून ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक सुमारे दहा दिवसांत पुन्हा उभे केले गेले.

### लॉग कोणते ठेवायचे आणि किती दिवस?

लॉगिनचे, मेलचे, फायरवॉल आणि व्हीपीएनचे, ॲडमिनने केलेल्या बदलांचे. एवढे असले तरी बरंच कळतं. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ मांडणीत २० एमबीचा असतो आणि गजबजलेल्या सर्व्हरवर तो बघता बघता भरून जुन्या नोंदींवर नव्या नोंदी येतात. आज तपास करायला बसलात आणि शिरकाव दोन महिन्यांपूर्वीचा असेल, तर हाती काही लागणार नाही. आकार वाढवा आणि नोंदी लगोलग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा, जिथे ॲडमिनचा पासवर्ड वेगळा असेल. वर्षभराचे ठेवता आले तर उत्तम, तीन महिन्यांच्या खाली जाऊ नका.

सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवा. फायरवॉल सात मिनिटं मागे आणि सर्व्हर तीन मिनिटं पुढे असेल, तर घटनाक्रम लावताना डोकं फिरतं.

### काढलेला पुरावा पुढे कोर्टात टिकेल का?

मूळ डिस्कला हात लावू नका. राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून तिची बिटन् बिट प्रत काढा, मूळ आणि प्रत दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश काढून वहीत लिहा, मूळ डिस्क पाकिटात बंद करून कपाटात ठेवा आणि तपास प्रतीवर करा. डिस्क कुणाकडून कुणाकडे, किती वाजता गेली याची सह्यांसकट नोंद ठेवा. ती साखळी कुठे तुटली की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. प्रकरण गंभीर वाटत असेल, तर हे काम जाणकाराला द्या.

### कुणाला आणि कधी सांगायचं?

ज्यांची माहिती गेली त्यांना, आणि कायद्याने ज्यांना सांगणं बंधनकारक आहे त्यांना. मुदती वेगवेगळ्या आहेत. युरोपीय संघाच्या जीडीपीआरनुसार वैयक्तिक माहितीच्या बाबतीत घटना कळल्यापासून ७२ तास. भारतात सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायच्या असतात. अमेरिकेत शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांना घटना महत्त्वाची असल्याचं ठरल्यापासून कामकाजाचे चार दिवस मिळतात. तुम्हाला काय लागू होतं ते घटना घडायच्या आधी शोधून ठेवा. सहा तास हे वकील शोधण्यातच जातात.

पहिल्या निवेदनात जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच लिहा. ‘कुठलीही माहिती चोरीला गेलेली नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी लिहू नये. ते मागे घ्यावं लागतं तेव्हा फार महाग पडतं.

### ज्याने त्या लिंकवर क्लिक केलं, त्याच्यावर कारवाई करावी का?

नाही. तुमच्याकडे सगळ्यात लवकर येणारी सूचना ही त्याच माणसाने ‘मी काहीतरी चुकीचं दाबलंय वाटतं’ म्हणून केलेला फोन असते. एकाला सगळ्यांसमोर झापलं की पुढचा तो फोन करणार नाही, आणि तुम्हाला ते तीन आठवड्यांनी खंडणीच्या चिठ्ठीतून कळेल. एका क्लिकने सगळं कार्यालय बंद पडत असेल, तर चौकशी त्या मांडणीची करा. त्या माणसाच्या खात्याला सगळे फोल्डर उघडे का होते?

### पॅच लगेच टाकायचे की थोडं थांबायचं?

इंटरनेटला तोंड असलेल्या गोष्टींवर लगेच: व्हीपीएन, फायरवॉल, वेब सर्व्हर, मेल सर्व्हर. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ज्या भगदाडाचा फायदा घेतला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता, हल्ला १२ मे रोजी आला. इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीत त्याच वर्षी स्ट्रट्स या वेब सॉफ्टवेअरचा पॅच टाकायचा राहिला आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. तिथे बाहेर जाणारा डेटा तपासणारं उपकरणही होतं, पण त्याचं सर्टिफिकेट कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं होतं, त्यामुळे ते आंधळं झालं होतं. सर्टिफिकेट नवं केल्याबरोबर संशयास्पद रहदारी दिसली.

आतल्या संगणकांवर मात्र आधी दोन-चारांवर टाकून, दिवसभर पाहून मग बाकीच्यांवर. क्राउडस्ट्राइकच्या प्रसंगानंतर हे वेगळं समजावायला लागू नये.

### दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम ठेवू का?

नको. लोक शेवटचा आकडा वाढवतात, बस. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७ पासून ही सक्ती करू नका असंच सांगितलं आहे. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, पासवर्ड मॅनेजरमध्ये. फुटल्याची शंका आली की मात्र त्याच दिवशी बदला. डोमेनवर शिरकाव झाला असेल, तर केआरबीटीजीटी या (लॉगिन झालेल्यांना ओळखीची तिकिटं देणाऱ्या) खात्याचाही, आणि तो दोनदा, मध्ये पुरेसा वेळ सोडून. एकदाच बदलला तर जुन्या पासवर्डवर बनवलेली बनावट तिकिटं चालत राहतात.

### आम्ही छोटे आहोत. वेगळी टीम ठेवणं परवडत नाही.

टीम नसली तरी चालेल, एक कागद हवा. निर्णय कोण घेणार (नेटवर्क बंद करायचा अधिकार रविवारी रात्री दोन वाजता कुणाला आहे?), बाहेरचा तज्ज्ञ कोण, वकील कोण, बँक, विमा, इंटरनेट पुरवठादार, सगळ्यांचे फोन नंबर. आणि तो कागद खरोखर कागदच असावा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, तेव्हा अनेक विद्यापीठांनी घाबरून आपलं नेटवर्क तोडलं. उपाय सापडला तो मेलने पाठवला गेला, आणि ज्यांना तो सगळ्यात जास्त हवा होता त्यांना मिळाला नाही. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिलं सर्ट, म्हणजे संगणक-आणीबाणीत मदत करणारं केंद्र उभं राहिलं, ते अशा वेळी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असावं म्हणून.

वर्षातून दोनदा तासभर बसून तोंडी सराव करा. ‘सोमवारी सकाळी एकही फाइल उघडत नाही’ असं समजून प्रत्येकाने आपण काय करू ते सांगायचं. पहिल्या दहा मिनिटांत कळतं की बॅकअपचा पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये आहे.

### घटनेनंतरची बैठक कशी घ्यावी?

आठवडा-दोन आठवड्यांत, वही समोर ठेवून. घटनाक्रम वाचायचा आणि प्रत्येक टप्प्यावर विचारायचं की हे आधी कळलं असतं तर कशामुळे कळलं असतं. निघालेल्या प्रत्येक कामाला माणसाचं नाव आणि तारीख लावा. वीस कामांची यादी निघाली तर त्यातली चार निवडा. वीसची यादी कुणी पूर्ण करत नाही.

### काढून ठेवलेल्या डिस्कच्या प्रती किती दिवस सांभाळायच्या?

पोलीस तक्रार, विम्याचा दावा किंवा खटला चालू असेल तर वकील हो म्हणेपर्यंत. नसेल तर सहा महिने ते वर्ष पुरे, कारण शिरकाव पुन्हा दिसला तर जुन्या प्रतीशी ताडून बघता येतं. प्रती एन्क्रिप्ट करून ठेवा, त्यात सगळ्यांचे पासवर्ड आणि मेल आहेत. मुदत संपली की पुसा आणि पुसल्याची तारीख वहीत लिहा.